भोंग्याच्या नावाची चिठ्ठी

तिला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. यंत्रमागांच्या खडखडाटात सतरा वर्षं काढलेल्या बाईचा आवाज काय कोकिळेचा असणार? चार माग पलीकडे ‘अगं, धागा तुटला!’ म्हणून सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तीच सवय घरात, तीच बाजारात आणि तीच चर्चमध्ये. तिनं ‘आमेन’ म्हटलं की पुढच्या बाकावरची तान्ही पोरं दचकून उठत. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर!

आज मात्र भोंगा दाराजवळची खुर्ची धरून बसली होती. भगिनी मंडळाची वर्षअखेरची सभा होती. चर्चमागच्या खोलीत बाराही जणी खुर्च्यांचं कडं करून बसल्या होत्या. मंडळाची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या सभेला सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या भांड्यात टाकायच्या, प्रत्येकीनं एक उचलायची आणि जिचं नाव येईल तिच्यासाठी वर्षभर गुपचूप प्रार्थना करायची. स्वतःचंच नाव आलं तर चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यायची. शेवटच्या सभेला सगळी गुपितं फोडायची.

भोंग्याला स्वतःचंच नाव आलं होतं, आणि तिनं ती चिठ्ठी परत टाकली नव्हती.

का? तर त्या पहिल्या सभेतच तिचं मंडळातल्या मास्तरणीशी कडाक्याचं वाजलं होतं. कारण काय, तर गाणं कोणत्या पट्टीत म्हणायचं! मास्तरीणही काही कमी नव्हती. ती म्हणाली, “हिच्यासाठी एकीच्या प्रार्थनेनं भागायचं नाही बाई, दोघी लागतील.” सगळ्या खो खो हसल्या. पाठोपाठ भांड्यातून स्वतःचंच नाव निघाल्यावर भोंग्याला वाटलं, देवानंच कान धरला, आधी स्वतःसाठीच प्रार्थना कर म्हणून. तिनं चिठ्ठी मुकाट्यानं पवित्र शास्त्रात ठेवून दिली. घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला: माझी चिठ्ठी माझ्याकडे, म्हणजे माझ्यासाठी दुसरं कोणीच नाही! पण आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग वर्षभर रोज सकाळी तिनं एकच मागणं लावून धरलं. “देवबापा, मला जाऊबाईंसारखी कर.”

जाऊबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. डोळ्यांच्या दवाखान्यात रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम करायची. बोलणं मऊ, चालणं मऊ, अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्याही दरवर्षी तीच लिहायची. कोणी काही सांगितलं की “हो” म्हणायची आणि उठायची. ख्रिस्ती बाई असावी तर अशी, असं सासूबाईंपासून पाळकांपर्यंत सगळे म्हणत आणि म्हणताना हळूच भोंग्याकडे बघत.

देवानं काही तिला जाऊबाई केलं नाही. मार्चमध्ये तिनं कारखान्यात एक दिवस मऊ बोलून पाहिलं. शेजारणीची ओढणी मागाच्या पट्ट्याकडे सरकत होती आणि ही आपली पुटपुटतेय, “अहो, जरा ओढणी...” शेवटी अशी काही बोंब ठोकली की अख्खा कारखाना थांबला. ओढणी वाचली, ओढणीवालीही वाचली, मऊपणा मात्र त्या दिवशीच गेला.

“चला, मी सुरू करते!” पाळकीणबाई टाळ्या वाजवत उठल्या. “माझ्या चिठ्ठीत होत्या आपल्या मास्तरीणबाई!”

एकच गलका झाला. मास्तरणीनं उठून पाळकीणबाईंना मिठी मारली, वर्षभरात काय काय घडलं ते सांगितलं आणि आपल्या चिठ्ठीतलं नाव घेतलं. जिचं नाव निघे ती उठे, रडे, हसे आणि पुढचं नाव सांगे. कोणाच्या मुलीला नोकरी लागली होती, कोणाचा गुडघा बरा झाला होता. खोली नुसती उसळत होती. भोंगा मनातल्या मनात मोजत होती. आठ झाल्या. नऊ झाल्या. आता शेवटी माझं एकटीचंच नाव उरणार, आणि हसं होणार!

दहाव्या होत्या म्हाताऱ्या सुईणबाई. त्या काठी टेकत उठल्या. एका कानानं बहिऱ्या, दुसऱ्यानं अर्ध्या.

“माझ्या चिठ्ठीत,” त्या म्हणाल्या, “आपला भोंगा.”

भोंगा ताडकन उठली. “काय? शक्यच नाही!”

“अगं, शक्य नाही काय? रोज मागत होते. म्हटलं, देवा, हिचा आवाज कधी खाली येऊ देऊ नकोस. पाळकांचं मला एक अक्षर ऐकू येत नाही. हिचं ‘आमेन’ ऐकलं की कळतं, प्रार्थना संपली, आता डोळे उघडायचे.”

सगळ्या हसून हसून बेजार झाल्या. भोंग्याचे डोळे भरून आले. वर्षभर भोंगा एक मागत होती, सुईणबाई दुसरंच मागत होत्या, आणि देवानं ऐकलं म्हातारीचं!

“आता तुझं सांग,” मास्तरीण म्हणाली, “म्हणजे काय, जाऊबाईच उरल्यात!”

खरंच, सुरुवात करणाऱ्या पाळकीणबाई सोडल्या तर एकट्या जाऊबाईंचं नाव निघायचं राहिलं होतं. सगळ्या जाऊबाईंकडे बघून हसत होत्या. एक नाव घ्यायचं, की सुटले. कोणाला कळणार होतं? भोंग्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि पवित्र शास्त्रातून चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर धरली.

“मला माझंच नाव आलं होतं. मी परत टाकलं नाही. चुकले.”

सुईणबाईंनी चष्म्याच्या डबीतून आपली चिठ्ठी काढली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. नाव तेच आणि अक्षरही तेच, मोत्यासारखं.

“जाऊबाई!” भोंगा कडाडली. “माझ्या दोन चिठ्ठ्या? म्हणजे मी डबल पापी?”

“नाही गं.” जाऊबाईंचा चेहरा लालभडक झाला होता. “त्या दिवशी सगळ्या हसल्या ना, दोघी लागतील म्हणून. तुझा चेहरा पाहिला मी. वाटलं, खरंच दोघींनी करू दे, बिघडलं कुठे? मग माझ्या नावाची काढून घेतली आणि तुझी आणखी एक टाकली. मला काय, माझं बरं चाललंय.”

म्हणजे वर्षभर जिच्यासाठी कोणीच नव्हतं, ती जाऊबाई होती. भोंग्यानं कपाळावर हात मारला. मी वर्षभर हिच्यासारखं व्हायचं मागितलं आणि हिला काय हवंय, ते एकदाही विचारलं नाही!

ती जाऊबाईंसमोर जाऊन उभी राहिली. “सांगा. तुमच्यासाठी काय मागू?”

“काही नाही गं.”

“जाऊबाई!”

“मला... नाही म्हणता येत नाही. कोणालाच. दवाखान्यात सगळ्यांच्या सुट्ट्या मी भरून काढते. घरी सगळ्यांचं मी करते. इथले कपसुद्धा एकोणीस वर्षं मीच विसळते. लोक म्हणतात, किती शांत. मी शांत नाहीये. मी घाबरट आहे.”

भोंग्यानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि छताकडे बघून प्रार्थना सुरू केली. “देवबापा! ही माझी जाऊ! हिनं माझ्यासाठी स्वतःचं नाव काढून घेतलं. हिला तोंड दे! माझ्यातला थोडा आवाज काढून दे, माझ्याकडे रगड आहे! येशूच्या नावानं मागते, आमेन!”

“आमेन!” सुईणबाईंनी बरोब्बर वेळेवर डोळे उघडले.

मग चहा झाला, केक झाला, मिठ्या झाल्या. पाळकीणबाईंनी सवयीनं रिकाम्या कपांचा ट्रे उचलला आणि जाऊबाईंपुढे धरला. “एवढे विसळून टाकता ना?”

जाऊबाईंचे हात सवयीनं पुढे झाले. तिथेच थांबले. त्यांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं.

“नाही!”

शब्द इतका मोठ्यानं निघाला की त्या स्वतःच दचकल्या. पाळकीणबाईंच्या हातात कप खडखडले. कोपऱ्यातून सुईणबाई ओरडल्या, “हे कोण बोललं गं? मला ऐकू आलं!”

“माझी जाऊ!” भोंगा म्हणाली. तिनं ट्रे काढून घेतला, पाळकीणबाईंच्या आणि मास्तरणीच्या हातात एकेक फडकं दिलं, आणि तिघी मोरीकडे निघाल्या.