थांबून विचारणं आणि विचारणं थांबवणं

बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या विभागाचा मुकादम एकोणीस वर्षं यंत्रांची दुखणी नुसत्या आवाजावरून ओळखत आला होता. पण सुपरवायझरची खुर्ची रिकामी झाली आणि साहेबांनी फतवा काढला, की इंग्रजी व्याकरणाची तोंडी परीक्षा पास होईल तोच तिच्यावर बसेल. यंत्रांना इंग्रजी येत नाही, हे साहेबांना सांगणार कोण?

घरी आठवीतली लेक मास्तरीण झाली. कंटाळलो म्हणायला बापाने "आय अ‍ॅम बोरिंग" म्हटलं.

"बाबा, याचा अर्थ तुम्ही दुसऱ्याला कंटाळा आणता."

"मग बरोबरच आहे की," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

पुढे क्रियापदं आली. कुणामागे 'टू' हवं, कुणाला 'इंग'चं शेपूट. 'स्टॉप'ला मेलं दोन्ही चालायचं, अर्थ मात्र फिरायचा. 'स्टॉप्ड टू आस्क' म्हणजे विचारायला थांबलो, 'स्टॉप्ड आस्किंग' म्हणजे विचारणंच सोडलं. मुकादमाने दाढी करतानासुद्धा हे घोकलं.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या. शेजारी साहेब बसले होते.

"मागच्या महिन्यात यंत्र बिघडलं, तेव्हा काय केलंत?"

थांबून साहेबांना विचारलं, हे उत्तर तोंडपाठ होतं. पण साहेबांकडे नजर गेली आणि जीभ घसरली. "आय स्टॉप्ड आस्किंग साहेब."

बाईंनी पेन उचललं. "म्हणजे तुम्ही साहेबांना विचारणं सोडून दिलंत. असंच म्हणायचं होतं? नसेल, तर वाक्य चुकलं."

मुकादम पेचात पडला. चूक कबूल करावी तर खुर्ची हातची जाणार, नाही करावी तर साहेब डूख धरणार. पण त्याने तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा "नंतर बघू" ऐकलं होतं, आणि शेवटी यंत्र स्वतःच दुरुस्त केलं होतं. त्याला मनापासून राग आला.

"असंच म्हणायचं होतं," तो म्हणाला.

बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. फतवा स्वतःचाच असल्यामुळे साहेबांना सही करावी लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जातीने पाटी लावली. कुणीही परस्पर दुरुस्ती करू नये, काम थांबवून आधी आपल्याला विचारावं, असं त्यांना बजावायचं होतं. पाटीवर ठळक इंग्रजी अक्षरं होती, 'स्टॉप आस्किंग मी'.

नव्या सुपरवायझरने पाटी दोनदा वाचली, आणि हुकूम पाळायला सुरुवात केली.