छातीखालची झाडं

दुपारच्या शांततेत ओट्यावरची वाटी खणकन पडली आणि माझी पाच वर्षांची रुचिका झोपेतून उठली. माझा तक्ता पुन्हा अर्धाच राहिला. मोलगीजवळच्या रानातल्या झाडांची ही नोंद आजच पाठवायची होती. तेवढ्यात ही नोंद मागवणाऱ्या आमच्या हेमकांतसरांचा फोन आला.

"ताई, बारा वर्षांपूर्वी चाळीस जाती होत्या, आजही चाळीस शेतस ना? मग रान शाबूत, लिखी टाका. दुसऱ्या रस्त्याचं काम त्यावरच अडकेल शे."

"सर, आपण छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजतो. त्याहून लहान काही धरतच नाही. पहिल्या रस्त्याने रानाचे दोन तुकडे झाले, कडेने ऊन शिरलं, घाणेरीची झुडपं माजली. चारोळीखाली एक रोप उरलेलं नाही."

"तक्त्यात रोपांचा रकाना शे का?"

"नाही."

"मग?"

या माणसाला किती वेळा सांगायचं? फोन ठेवून मी पेनने नवा रकाना आखला, वर 'रोपं' लिहिलं आणि चारोळीपुढे शून्य भरलं. रुचिका मांडीत येऊन बसली. तिचे विस्कटलेले केस सारखे करत मी बेहड्यापुढेही शून्य लिहिलं आणि तिला सांगितलं, "म्हणजे याचंही बाळझाड एकही नाही."

"आई, ही मोठी झाडं म्हातारी होऊन पडली, की मग तू काय मोजशील?"