पहिला हात खाटकाचा

काकूंच्या कोंबड्यांचं सगळ्यांत जास्त कौतुक खुद्द काकूच करायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तांबूस पिसांची, जाड पायांची ती जात अंडीही द्यायची आणि मांसालाही चालायची. "एका दगडात दोन पक्षी कशाला? माझ्या एका पक्ष्यातच दोन आहेत," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

म्हणूनच खाटकाचं बोलणं त्यांना झोंबलं. निम्मी पिल्लं नर निघायची आणि पैदाशीचा एक सोडून ते सगळे कोंबडे तोच न्यायचा. यंदा एक कोंबडा हातात तोलून तो म्हणाला, "वहिनी, हाताला नुसती पिसं लागतात. हे नेतो उद्या, पण पुढच्या खेपेलाही असेच निघाले तर आपला रामराम."

तो यायचा थांबला की निम्मी पिल्लं म्हणजे बसून खाणारी तोंडं. काकांनी तर पिंजऱ्यात पाळायच्या, नुसती अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांची चौकशीही करून ठेवली होती. सासऱ्यांनी जोपासलेली जात अशी मोडीत काढायची? पण डोक्याला हात लावून बसणं काकूंच्या रक्तात नव्हतं. दाणा तपासला, खुराडं पालथं घातलं. कोंबड्या ठणठणीत होत्या, फक्त लहान होत्या.

संध्याकाळी काका अंडी निवडत बसले होते. मोठी एका टोपलीत, बारकी दुसरीत.

"ही बारकी कुठे चालली?"

"उबवायला, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली. मोठी दुकानात. बाबांच्या वेळेपासून असंच आहे की."

काकू टोपलीकडे बघतच राहिल्या. नरांचंही तेच! पहिला हात खाटकाचा, हा घरचा शिरस्ता. तो वजनदार उचलायचा, आणि उरल्यासुरल्यातला एक पैदाशीला राहायचा. चांगलं ते विकायचं, किडुकमिडुक पेरायचं, आणि वर पीक खुजं का म्हणून विचारायचं!

"अहो, आपण बियाणंच विकत आलोय!" त्या म्हणाल्या आणि टोपल्यांची अदलाबदल करून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी खाटकाने सवयीने सगळ्यांत भारी कोंबड्याला हात घातला. काकूंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"अगं, गिऱ्हाईक आहे ते!" काका कुजबुजले.

"वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी कधी अडवलं नाही मला," खाटीक फुरंगटून म्हणाला.

"तिथेच तर गाडं अडलं. बाकीचे न्या, आणि पुढच्या खेपेला या. मी सांगते म्हणून या."

तो कुरकुरत गेला, पण नवी पिल्लं मोठी झाल्यावर आला. वाढत्या कोंबड्यांतला एक त्याने उचलला आणि वजनाने त्याचा हात खाली गेला. त्याने पुन्हा तोलला. मग थोडा ओशाळून तो काकूंपुढे धरला.

"घ्या. पहिला हात तुमचा."

"माझा सकाळीच झाला," काकू म्हणाल्या. "तो बघा, कुंपणाशी उभा आहे."

खाटकाने कुंपणाजवळच्या त्याहून थोराड कोंबड्याकडे पाहिलं, आणि हातातला कोंबडा आपल्या टोपलीत ठेवला.