अडून बसलेला सोफा

मी सोफा बोलतोय. तीन माणसांचा, अस्सल सागवानी. उभ्यानेच ऐका, बसलात तर स्प्रिंग टोचेल.

सुताराच्या कारखान्यातून शहरातल्या एका कुटुंबाने मला हौसेने नेलं आणि मी खराब होऊ नये म्हणून माझ्यावरचं प्लास्टिक पाच वर्षं काढलं नाही. काढलं, त्याच वर्षी माझा रंग सूनबाईंच्या नव्या पडद्यांना शोभेनासा झाला. मालक टेम्पोवाल्याला म्हणाले, "याची सोय लाव."

त्याने लावली. शहराबाहेर आदिवासींची जमीन होती. तिथे कोणालाही न विचारता अख्खं शहर आपली सोय लावत होतं. माझ्याआधी टायर, गाद्या, फुटकी बेसिनं येऊन पडली होती. वस्तीतल्या मावशींच्या दोन गाई तिथलं प्लास्टिक खाऊन मेल्या. मावशींनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. "ती जागा आमच्या हद्दीत येत नाही," असं प्रत्येक कचेरीने त्यांना अगदी प्रेमाने सांगितलं.

मग शहराला पर्यावरणाचा पुळका आला. तिथे सोलर पॅनल बसवायचं ठरलं आणि तीच जागा एकदम सगळ्यांच्या हद्दीत आली. फोटो काढत काढत कचरा उचलायला सुरुवात झाली. वीज मात्र शहराला. वस्तीचा नंबर पुढच्या टप्प्यात, म्हणे.

मावशींनी वाद घातला नाही. पहिला खांब जिथे रोवायचा होता, तिथे चार बायकांच्या मदतीने मला ओढत आणलं आणि ऐसपैस बसल्या.

कामावरचे साहेब धावत आले. मावशींनी सरकून जागा केली.

"बसा साहेब, तुमच्याकडचाच आहे."

साहेब कसले बसतात! ते कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरवर खेकसले, "हा सोफा उचल आधी."

"टाकू कुठे?"

"कुठेतरी टाक ना!"

"साहेब, ते कुठेतरी म्हणजे हीच जागा होती."

मावशी म्हणाल्या, "कचऱ्याला आमची वस्ती बरोब्बर सापडली. मग तारेलाच कशी सापडत नाही हो?"

साहेबांनी वरती फोन लावला. पहिली तार वस्तीत ओढायचं तोंडी कबूल झालं. तोंडीच, म्हणून मावशी अजून रोज येऊन बसतात. खरं सांगतो, दिवाणखान्यात असताना इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाची वरती ओळख असेल, तर एवढं कळवा: तार लवकर ओढा. माझा एक पाय मोडलाय, मावशींचे गुडघे दुखतात, आणि आमच्यापैकी कोणीही उठणार नाही.