पोळ्यांचा लिलाव

"मावशी, फार काही बोलू नका. देवानं माझे पैसे राखले, वाढवले, एवढंच सांगा. दोन मिनिटांत साक्ष आटपा," नोएल हिवाळे म्हणाला. एस्तेर उजागरेबाईंच्या हातातला पुरणपोळ्यांचा डबा त्यानं स्वतः घेतला आणि लिलावाच्या टेबलावर नेऊन ठेवला. पोरगा मोठा अदबीचा. त्या अदबीनंच तर घात केला होता.

परळच्या त्या मराठी चर्चमध्ये आज हंगामाचा सण होता. आता शेत मंडळीत कुणाकडे उरलंय म्हणा, पण वहिवाट ती वहिवाट. ज्यानं त्यानं घरचं काहीतरी आणायचं, उपासनेनंतर आवारातल्या मांडवात त्याचा लिलाव करायचा आणि आलेले पैसे चर्चला द्यायचे. चाळीस रुपयांचा नारळ चारशेला जातो, कारण तो देवाच्या नावानं घेतलेला असतो.

एस्तेरबाई दरवर्षी पोळ्या आणत. आणि लालबागच्या चाळीत शेजारच्या गंगुबाई दरवर्षी न चुकता विचारत, "तुमच्यात पण पुरण घालतात?" तुमच्यात म्हणजे काय? आमच्या नगर जिल्ह्यात काय केक पिकतो? बाईंनी जन्मभर हेच ऐकलं. इस्पितळात तीस वर्षं सिस्टर म्हणून राबल्या, तरी नवा पेशंट विचारणारच, सिस्टर, गोव्याच्या का? नगरची म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मग मराठी एवढं चांगलं कसं? अहो, आईनं शिकवलं, आणखी कसं! आठवडाभर आपण कोण ते लोकांना समजावत फिरायचं. रविवारी मात्र या फाटकातून आत आलं, की सलाम एस्तेरमावशी, सलाम बाबा, झालं. साऱ्या मुंबईत हे एकच ठिकाण होतं, जिथं बाईंना स्वतःचा पुरावा द्यावा लागत नव्हता.

नोएलनं हात मारला तो नेमका इथं. धन्यानं दिलेला पैसा वाढवायचा सोडून जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराची गोष्ट पाळकसाहेबांनी सकाळी उपदेशात सांगितली, की हा संध्याकाळी घरोघर हजर. मावशी, बँकेत ठेवणं म्हणजे पुरणंच की हो. बाहेरचे लोक फसवतात, आपला पैसा आपल्या माणसाकडे वाढू द्या. 'आपल्या माणसाकडे' म्हटल्यावर बाई विरघळल्या. फंडाचे होते नव्हते तेवढे आठ लाख त्याच्या हवाली केले. वर्षभर दरमहा व्याज आलं, मग आटलं. नातीची, श्रेयाची, नर्सिंग कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा बाईंनी मुद्दल मागितलं. शेअर मार्केट खाली आहे, विश्वास ठेवा, प्रार्थना करा, हे सुरू झालं. देवाला पुढे करून वेळ मारून नेणारा माणूस! शेवटी काल कबूल झाला: उद्या मंडळीपुढे उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष द्या, सोमवारी चेक घ्या.

साक्ष कुणाच्या कानांसाठी, हेही बाईंना ठाऊक होतं. पहिल्याच रांगेत रूथ बसली होती, पस्तिशीची विधवा. नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला आणि नुकसानभरपाई नुकतीच हातात आली होती. नोएलला ती म्हणाली होती, उजागरेमावशींचा अनुभव ऐकते, मग पैसे द्यायचं ठरवते. तिच्या बाळंतपणात बाई रात्रभर उशाशी बसल्या होत्या, त्याचा हा विश्वास.

लिलाव सुरू झाला. चर्चचे जुने पंच साळवेकाका बोली पुकारत होते. नारळ गेले, कोंबडा गेला, मग पोळ्यांचा डबा वर आला. दोनशे, तीनशे, पाचशे.

"पंचवीस हजार," मागून नोएल म्हणाला.

टाळ्यांनी मांडव दणाणला. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले, असं उदार अंतःकरण म्हणे. श्रेयाच्या फीचा पहिला हप्ता बरोबर तेवढाच होता. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. माझ्याच पैशानं माझ्याच पोळ्या, आणि वर दानशूर हा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय?

तेवढ्यात साक्षीसाठी त्यांचंच नाव पुकारलं गेलं. बाई उठल्या. रूथनं मान वर करून पाहिलं.

"या पंचवीस हजारांत माझे पैसे आहेत," बाई म्हणाल्या. "फंड याच्याकडे ठेवला. चार महिने मागतेय, देत नाही. आज कौतुक केलं तर सोमवारी चेक देतो म्हणालाय. देवाच्या दारात मी खोटं बोलणार नाही. रूथ, तुझे पैसे तू पुरून ठेव."

सोमवारचा चेक तिथंच बुडाला, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

नोएलला कुणी जाब विचारला असेल असं वाटतं? छे, नावच नको. तो हसून म्हणाला, मावशींना बरं नाहीये. आणि मंडळी बाईंवरच उलटली. साळवेकाका म्हणाले, घरातलं घरात मिटवायचं, आपण आधीच मूठभर, बाहेर कळलं तर काय इभ्रत राहील? मूठभर आहोत म्हणून एकमेकांना गिळायचं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. खरी गोम वेगळीच होती. अर्ध्या मांडवाचे पैसे नोएलकडे होते. गप्प राहिलं तर मिळतील, बोललं तर बुडतील, असं जो तो मनाशी धरून बसला होता.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, क्षमा करायला शिका."

"त्यानं मागितली का, साहेब?"

साहेबांनी लिलाव पुढे चालवायला सांगितलं. रूथनं मांडीवरची पर्स उचलून काखेत घट्ट धरली. तेवढं बाईंनी पाहिलं.

सण संपला. पोळ्यांचा डबा टेबलावर तसाच पडून होता. घेणाऱ्यानं पैसेही दिले नव्हते. निघताना आज कुणीच बाईंना सलाम केला नाही. ज्यांच्या पोरांना त्यांनी इंजेक्शनं दिली, तेही चपला शोधायच्या निमित्तानं खाली बघत राहिले. हे मात्र बाईंना आठ लाखांपेक्षा जास्त लागलं. इथंही आता आपण परक्या? मग त्यांनी डबा उचलला, फाटकात जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला नाव घेऊन म्हणू लागल्या, सलाम साळवेकाका. सलाम मार्थाताई. जन्माची सवय, तोंडातून सलाम निघाल्याशिवाय कुणाला पुढे जाता येईना. सगळ्यांत शेवटी नोएल आला.

"सलाम, नोएल. माझे पैसे कधी आणतोस?"

तो गाडीत बसला.

पुढच्या रविवारी उपासनेच्या आधीच बाई फाटकात हजर होत्या. सलाम, सलाम. काहींनी नजर चुकवली, काहींनी नाही. रूथ आली, सलाम म्हणाली आणि आत न जाता त्यांच्या शेजारी उभी राहिली. नोएलची गाडी वळणावर दिसली, तसा बाईंनी पदर नीट केला.