शिंगांच्या दोन जोड्या

गोजरबाईचा उजवा खांदा त्या थंडीत जो रुसला, तो रुसलाच. नारायणगावच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तर तो कानापर्यंतही जाईना. "आजी, आता गोफण बंद," डॉक्टर म्हणाले. गोजरबाई म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पिंपळवंडीच्या रानात, शाळूच्या पिकात उभारलेल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन उभी राहिली. गोफण आता डाव्या हातात.

कणसात दूध भरत होतं. भोरड्यांचे थवे असे उतरत, की कुणी काळी-गुलाबी चादर झटकून पिकावर अंथरावी. गोजरबाई एक धोंडा भिरकावी आणि मग गाई,

"पाखरा रे राजा, ने दाणा चोचीपुरता
माझ्या लेकाच्या ताटात, राहू दे घासापुरता."

सून मंगल चहाचा तांब्या दोरीनं वर पाठवी. पण पाखरं काय चहाला थांबतात? घोट घ्यायला उसंत मिळेपर्यंत चहावर साय धरलेली असे. तो गार चहा म्हातारी औषधासारखा पिई.

लेक ज्ञानेश्वर हे खालून बघत होता. स्टँडजवळ त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेली कॉइल नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस, पण आईला माळ्यावरून खाली आणायची युक्ती त्याला सुचत नव्हती. मग एका लग्नात कुणीतरी रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवलं आणि शेजारच्या चिंचेवरचे सगळे कावळे एका दमात उठले. ज्ञानेश्वर जेवण अर्धवट टाकून घरी आला. "आई, पाखरं मी उठवतो. तू खाली बसायचं."

"उठीव की. आदी तुझं इमान तरी यिऊ दे."

इथवर ठीक होतं. चुकलं ते पुढं. घरात काही जिवंत, चालतं-फिरतं आणायचं, तर पेठच्या हौशीराममामाला घेतल्याशिवाय बाजाराला जायचं नाही, ही गोजरबाईच्या घरची रीत. तिच्या दावणीचा प्रत्येक बैल ह्या थोरल्या भावानं पारखलेला. मामा पटका बांधून पुण्याच्या गाडीत आधीच बसला होता.

दुकानात दोन हेलिकॉप्टरं निघाली. एक वीतभर, त्याच्या डोक्यावर पात्यांच्या दोन जोड्या, एकीवर एक. दुसरं हातभर लांब, काळंभोर, एकाच जोडीचं.

"पहिल्यांदाच घेताय ना?" दुकानदारानं विचारलं. "मग हे लहान न्या. वरची पाती एकीकडे फिरतात, खालची उलटी, त्यामुळं ते गिरकी घेत नाही. मोठं सुंदर आहे, पण हात बसल्याशिवाय उडत नाही. आणि पातं मोडलं तर मिळायला महिना लागतो."

ज्ञानेश्वरला हे तत्क्षणी पटलं. एका फिरण्याला उलट्या फिरण्यानं पेलायचं! तो तोंड उघडणार, तोच मामानं मोठ्याच्या पाठीवरून हात फिरवला, पाय दाबून पाहिले, मागं जाऊन शेपटाकडून डोळा लावला, उचलून वजन केलं.

"ज्ञानबा, खिल्लार हाय रं हे. अंगानं भरल्यालं. आन् ते बारकं बघ, शिंगाच्या दोन जोड्या! अशी खोड आसल्यालं जनावर दावणीला आणत न्हाईत. वासरू निऊन नांगरट करायची व्हय?"

"मामा, ते दुकानदार म्हणत्यात..."

"त्यो इकणार. त्यो म्हणणारच." आणि मामानं खांद्यावरचा टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकून खाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. दुकानदार दचकून मागं सरला. "काका, काय करताय?"

"उडवून दावा मंग. जुंपून बघितल्याबिगर आमी घेत न्हाई."

"दुकानात कसं उडवणार?"

मोठंच घरी आलं. वाटभर ज्ञानेश्वर खिडकीबाहेर बघत राहिला.

मंगलनं हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला. शेजारचा सावळेराम बांधावर उकिडवा बसला. "पायलटसाहेब, आमाला घ्या की मागच्या शिटावर!"

ज्ञानेश्वरनं रिमोटची कांडी पुढं ढकलली. हेलिकॉप्टर गुडघाभर उठलं, शेपूट गरकन फिरलं, आणि ते कुशीवर पडून पात्यांनी माती उकरू लागलं. एक पातं मोडून शाळूत गेलं. कणसांसकट दोन ताटं आडवी झाली.

"पाखरापरास ह्येच जादा खातंय," सावळेराम म्हणाला.

"नवा बैल पैल्या दिशी बुजतोच," मामा म्हणाला.

दुकानात फोन केला. पातं महिन्यानं. शाळूला तेवढी सवड नव्हती. ज्ञानेश्वरनं बांबू तासून पातं केलं, तराजूत जोडीला तोललं. ह्या वेळी ते उठून थरथरलं, शेजारच्या रानातल्या खुरपणीच्या बाया पांगल्या, ते विहिरीच्या कठड्याला धडकलं. त्यानं दांडा सरळ केला, नवं पातं तासलं. तिसऱ्या दिवशी मामा चांगलं दहा हात दावं घेऊन आला.

"मोकळं सोडलं तर उधळणारच. पायाला बांद. दावं संपलं, का थांबतंय."

"मामा, दोरी पात्यात जाईल."

"चाळीस बैलं शिकीवलीत म्या."

ज्ञानेश्वरच्या मनात आलं, रिमोट विहिरीत टाकावा आणि मागोमाग आपणही. पण हात मुकाट्यानं गाठ मारत होते. हेलिकॉप्टर उठलं. दावं ताणलं, उसळलं आणि पात्यांभोवती चऱ्हाट वळल्यासारखं गुंडाळत गेलं. कडाड आवाज झाला. मग रान गप्प. त्या गप्पपणात भोरड्या आरामात उतरल्या, आणि वरून गोजरबाईच्या डाव्या हातची गोफण सुटली.

संध्याकाळी ती माळ्यावरून एकेक पायरी मोजत उतरली. आता डावा खांदाही धरला होता. लेकाजवळ बसली.

"बैल दादानं निवडावा. पर हे तुला कळत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग गप का बसलास?"

ज्ञानेश्वर पात्यात गुंतलेलं दावं सोडवू लागला. सगळ्यात जास्त राग त्याला आपल्या गप्प बसण्याचाच आला होता. मामाचा नाही, यंत्राचाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता एकटा पुण्याला गेला. दुकानदारानं लहान खोका काढून ठेवला. एका शब्दानं टोचलं नाही, आणि तेच जास्त टोचलं.

लहानगं शहाणं निघालं. घरात, कणगी आणि पलंगाच्या मधल्या जागेत ते चार दिवसांत माणसाळलं. रानात नेलं तर दुपारच्या वाऱ्यानं उचलून कालव्यापलीकडच्या बाभळीवर टाकलं. काटे काढता काढता ज्ञानेश्वरनं स्वतःला, वाऱ्याला आणि बाभळीला शिव्या घातल्या. मग कळलं, वारा पडलेला असतो तो फक्त पहाटे. पाखरंही पहाटेच येतात. पण लाइट पहाटे पाचला जाते ती अकराला येते. म्हणजे बॅटरी रात्रीच भरून ठेवायची, आणि एका भरण्यात उडणं आठ मिनिटं. आठच! त्यानं घड्याळ लावून चारदा पाहिलं. आठ मिनिटांच्या वर एक गिरकी नाही.

अख्खा हंगाम आईला खाली बसवायला निघाला होता तो.

तरी दुसऱ्या पहाटे तो रिमोट घेऊन बांधावर उभा राहिला. भोरड्या उतरल्या. लहानगं भुणभुणत उठलं, ताटांच्या शेंड्यांवरून डुगडुगत गेलं. अख्खा थवा उठला, आभाळात एक वळसा घेऊन लांब उसाकडं गेला. ज्ञानेश्वरची बोटं गारठली होती, डोळे त्या भिंगरीवर खिळले होते.

"आई, उतर खाली! आठच मिनटं हायेत."

"आठ?" माळ्यावरून आवाज आला. "लई झाली की."

गोजरबाई उतरली. बांधावर बसली, दोन्ही हात मांडीवर सोडून. मंगलनं चुलीवरून थेट आणलेला चहा बशीत ओतला. त्यातून वाफ येत होती. म्हातारीनं फुंकर मारली. ह्या हंगामात रानात तिला चहावर फुंकर मारावी लागली ती पहिल्यांदा.

तेवढ्यात पेठहून मामा आला. आधी आभाळाकडं पाहिलं, मग बहिणीकडं. "हे दोन जोड शिंगाचं कुणी पारखलं?"

"मी," ज्ञानेश्वर म्हणाला. नजर वरून काढली नाही.

मामा बहिणीशेजारी बांधावर टेकला. मंगलनं त्याच्याही हातात बशी दिली.

हेलिकॉप्टरचा आवाज बारीक झाला. ते डळमळू लागलं, ज्ञानेश्वरनं हलकेच ते ढेकळांवर टेकवलं. उसाकडून थवा परत वळताना दिसत होता.

गोजरबाईनं बशी पालथी घातली, गोफण डाव्या हाताला गुंडाळली आणि शिडीला हात लावला.

"उद्या चा जरा आल्याचा कर गं," ती मंगलला म्हणाली. "प्यायला येळ हाय आता."