बांधाची मधली जागा

भार्गवनच्या घरात मीठ बंद होऊन आठवडा झाला होता, तरी पेज खारटच लागत होती.

मीठ बंद केलं होतं ते त्याच्या मुलीसाठी. जिषाला पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आणलं, तेव्हा तिच्या पायांवर थोडी सूज होती. आता चपला पायांत जात नव्हत्या, आणि रक्तदाब चढत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मीठ अजिबात नाही. लोणचं, पापड, सुकी मासळी, काही नाही." तेव्हापासून ओमना, म्हणजे जिषाची आई, सगळ्या घराला अळणी वाढत होती. एकट्या पोरीच्या ताटात अळणी आणि बाकीच्यांची चैन, हे तिला पटत नव्हतं.

त्या सकाळी भार्गवनने पेजेचा वाडगा बाजूला सारला.

"ओमने, खरं सांग. चोरून मीठ टाकतेस ना?"

"मी?"

"मग कोण? पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा. जिभेचे चोचले चार दिवस थांबत नाहीत तुझे?"

ओमना उठली. परसात गेली, विहिरीतून पाणी शेंदलं, पेला भरून त्याच्यासमोर ठेवला.

"हे प्या. यात मी काही टाकलेलं नाही. तुम्ही टाकलं असेल तर माहीत नाही."

भार्गवन प्यायला. पाणी मचूळ होतं. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण चव रोज थोडी थोडीच बदलत गेली होती, आणि जेवणात मीठ होतं तोवर पाण्यातलं मीठ कळायचं कारणच नव्हतं. पोयिलक्करा पंचायतीच्या विकास समितीचा अध्यक्ष म्हणून भार्गवनने आजवर पुष्कळ काही गिळलं होतं, पण हा घोट त्याच्या घशाशी अडकला. पाण्यात मीठ कुठून आलं, हे त्याच्याइतकं पक्कं त्या गावात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

केरळातल्या या पोयिलक्कराच्या पश्चिमेला नदी आहे, आणि नदीपलीकडे नेडुंकडव. दोन्हीकडे भातशेती, दोन्हीकडे नारळ, दोन्हीकडे सारख्याच विहिरी. पाऊस संपला की नदीचा जोर ओसरतो आणि भरतीबरोबर खाडीचं खारं पाणी वर चढू लागतं. म्हणून दर वर्षी धनू महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नदीवर आडवा खारबांध घालायचा. माडाचे सोट रोवायचे, बांबूचे तट्टे बांधायचे, मधे चिखल भरायचा. पावसाळ्याच्या तोंडावर तो फोडून टाकायचा.

पूर्वी हा बांध दोन्ही काठांचे लोक मिळून घालायचे. दोन्हीकडून सुरुवात व्हायची. मधे उरलेलं तोंड ओहोटीला बुजवायचं, आणि चिखलाची शेवटची पाटी एका काठाच्या आणि दुसऱ्या काठाच्या अशा दोघांनी मिळून धरून टाकायची, अशी रीत होती. मग बांधावर बसून पायसम, म्हणजे खीर, खायचं. पुढे पंचायतींच्या हातात विकासाचा निधी आला, ठेकेदार आले, आणि पाटीला हात लावायची कुणाला गरज उरली नाही.

या वर्षी तर आणखी प्रगती झाली. दोन पंचायतींत दोन वेगळे पक्ष निवडून आले. दोन्ही पंचायतींचा एकत्र प्रकल्प करता येतो, त्याची नियमात सोय आहे; पण पुढाकार कुणाचा आणि फलकावर आधी नाव कुणाचं, यावर तीन बैठका फिसकटल्या. चौथ्या बैठकीत भार्गवन उभा राहिला आणि म्हणाला, "पोयिलक्कराच्या पैशाचा चिखल पोयिलक्कराच्या हद्दीत पडेल. हद्दीपलीकडे एक पाटीही जाणार नाही." टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात पलीकडे पंचायतीच्या अध्यक्षा एलियाम्मा टीचर जवळजवळ हेच बोलल्या. तिकडेही टाळ्या पडल्या.

हद्द नदीच्या मध्यावर. पण नदीचा मध्य कुठला? मोठ्या पुरानंतर नदी पोयिलक्कराच्या बाजूला सरकली होती. पोयिलक्कराने मध्य धरला तो आजच्या पात्राचा, कारण त्यात त्यांचा बांध आखूड होत होता. नेडुंकडवने धरला जुन्या नकाशातला, कारण त्यात त्यांचा होत होता. दोन्ही बांध वेळेत पूर्ण झाले. दोन्हीकडे फलक लागले, फिती कापल्या गेल्या. मधे एका होडीएवढी जागा उरली. ती कोणत्याच पंचायतीत नव्हती, आणि भरती रोज तिथूनच ये-जा करत होती.

पेला खाली ठेवून भार्गवन तडक पंचायतीत गेला आणि एलियाम्मा टीचरना फोन लावला.

"टीचर, तुमची मधली जागा तेवढी बुजवून घ्या. आमच्या विहिरी खारट झाल्या."

"आमच्याही झाल्यात, भार्गवन सार. पण जागा तुमची आहे. नकाशा बघा."

"नदी बघा ना! नकाशा काय बघता?"

"मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. नकाशा बघायचा नाही असं सांगणारा विद्यार्थी मला आजच भेटला."

भार्गवनने फोन ठेवला. पदरचे पैसे घालून चार माणसं लावली असती तर एका ओहोटीत काम झालं असतं. पण मग ती जागा आपली असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि जागा आपली म्हणजे दर वर्षीचा खर्चही आपला. शिवाय बैठकीतल्या त्या टाळ्यांचं काय करायचं? दोन्ही पंचायतींनी मग समजूतदारपणे आपापले पाण्याचे टँकर सुरू केले. फट बुजवायला हद्द आडवी येत होती. टँकरला आडवी येत नव्हती, कारण टँकर आपल्याच गावात फिरत होता.

पलीकडची माणसं डबे घेऊन पुलावरून येतील या भीतीने भार्गवनने नियम केला होता की पाणी फक्त आपल्या रहिवाशांना, रेशनकार्डावरच्या माणशी दोन कळश्या. टँकर त्याच्या दारात आला तेव्हा ओमनाने सहा कळश्या मांडल्या. टँकरवाल्या शाजीने चार भरल्या आणि नळी आवळली.

"ओमनाचेची, जिषाचं नाव लग्नानंतर नेडुंकडवच्या कार्डावर गेलं ना."

"अरे, पण ती इथे आहे. समोर बसलीय तुझ्या."

"बसलीय, दिसतंय की मला. पण सारच म्हणाले होते, एकाला सूट दिली की सगळं गाव मागेल." शाजीने भार्गवनकडे पाहिलं. "सार, तुम्ही सांगा. भरू?"

दारासमोरच्या रांगेतल्या बायका कान देऊन होत्या. भार्गवनने मान हलवली ती नेमकी हो म्हणून की नाही म्हणून, ते शाजीला कळलं नाही. त्याने टँकर पुढे घेतला. पलीकडच्या टँकरवर जिषाच्या नावचं पाणी होतं, पण तिथे ती नव्हती.

"बाबा, मी आता कुठली?" जिषाने हसत विचारलं. सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. कार्त्यायनी अम्मा नेडुंकडवहून दोन बस बदलून आल्या, हातात गोड्या पाण्याचे दोन डबे. बहिणीच्या टेकडीवरच्या गावातून त्यांनी ते भरून आणले होते. त्यांनी सुनेचे पाय पाहिले, बोट दाबून पाहिलं, खळगा बराच वेळ तसाच राहिला. मग त्या बाहेर ओट्यावर येऊन भार्गवनसमोर बसल्या.

"काय हो, तुमचा बांध झाला म्हणे पुरा."

"आमच्या बाजूचा झाला."

"आमच्याही बाजूचा झाला. बघा, सगळं पुरं झालंय. फक्त बांध तेवढा झाला नाही."

"अम्मा, तुम्हाला नियम माहीत नाहीत. हद्दीबाहेर पैसा घातला की हिशेब तपासणारे आक्षेप घेतात."

"घेऊ देत की. कागदावरचा आक्षेप सोसवतो. पोरीच्या पायांवरचा कसा सोसायचा?" अम्मांनी पानाचा डबा काढला, पण उघडला नाही. "आमच्या टीचर तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत असं मी म्हणत नाही हं. त्यांनी फीत कापली तेव्हा टाळ्या वाजवायला मीही होते. पण एक सांगा. लग्नात मांडव अर्धा तुम्ही घातला, अर्धा आम्ही. मधली जागा कुणाची म्हणून वधूवरांना तिथे उन्हात बसवलं होतं का?"

"ते लग्न होतं."

"आणि हे काय आहे? तुमची पोर आमच्या घरात, आमचं नातवंड तुमच्या घरात. भात तिकडे पिकतो, गिरणीत इकडे येतो. मासे इकडे धरतात, विकतात तिकडे. बाजार एक, दवाखाना एक, नदी एक. तुम्ही दोघं आपापल्या अर्ध्या नदीचा विकास करायला निघालात. अर्ध्या नदीला पाणी तरी येतं का कधी?"

भार्गवनला ते पटलं, हीच अडचण होती. पटलेली गोष्ट लगेच करायची त्याला सवय नव्हती.

"पुढच्या बैठकीत विषय घेतो," तो म्हणाला.

"घ्या," अम्मा उठत म्हणाल्या. "भरतीलाही सांगून ठेवा, बैठकीपर्यंत थांब म्हणून."

बैठक सोमवारी होती. शनिवारी पहाटे जिषाला झटके आले.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. ती वाचली. मुलगी झाली, ती रडली नाही. बाळ आधीच गेलेलं होतं. डॉक्टर भले गृहस्थ होते. भार्गवनने विचारलं, "पाण्याने झालं का?" ते म्हणाले, "तसं ठाम सांगता येणार नाही. असं इतर कारणांनीही होतं." भार्गवनने आयुष्यभर समितीत हेच ऐकलं होतं आणि सांगितलंही होतं, की ठाम सांगता येणार नाही. त्याचा आपल्याला आधार वाटेल, अशी त्याची समजूत होती. तसा तो वाटला नाही.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, "पत्ता? पंचायत कोणती?"

भार्गवन उभा राहिला. या माणसाला नदीच्या पोटातली हद्द वीतभरसुद्धा न चुकता दाखवता आली असती. आईचं कार्ड नेडुंकडवचं, ती राहत होती पोयिलक्करात, पाणी दोन्हीकडचं प्यायली होती. आणि बाळ?

"काका, पंचायत कोणती?" बाईने पुन्हा विचारलं. "मागे रांग आहे."

"मधली," भार्गवन म्हणाला.

"काय?"

कार्त्यायनी अम्मांनी त्याला बाजूला केलं आणि काहीतरी सांगून टाकलं. काय सांगितलं, ते त्याने कधी विचारलं नाही.

सोमवारच्या बैठकीला तो गेला नाही. ओहोटीची वेळ पाहून लुंगी खोचली, पाटी घेतली आणि बांधावरून चालत टोकापर्यंत गेला. पंचायतीच्या खिडकीतून लोकांना तो दिसला. आधी वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मग एकेक जण बैठक सोडून खाली आला. पलीकडच्या टोकाला दुपारपर्यंत कुणी नव्हतं. मग कार्त्यायनी अम्मा आल्या, आणि त्यांच्या मागून, साडीचा काठ चिखलातून वर धरत, एलियाम्मा टीचर.

दोघांमध्ये एका होडीएवढं पाणी होतं.

"सार," टीचर म्हणाल्या, "मला काल कळलं."

"हो."

"ही जागा..." त्या थांबल्या. नकाशा त्यांना पाठ होता. "ही जागा आमचीही आहे."

संध्याकाळच्या भरतीआधी तोंड बुजलं. एवढंच काम होतं ते. शेवटची पाटी दोघांनी मिळून धरली, कारण अम्मा काठावरून ओरडत होत्या की तशी रीत आहे. पायसम कुणी केलं नव्हतं.

बांध पुरा झाला तेव्हा बांधाच्या बाहेर खारं पाणी होतं, आणि आतही खारंच. आतलं पाणी पावसाशिवाय धुऊन निघणार नव्हतं. पावसाला अजून बराच अवकाश होता, आणि भाताची रोपं तोवर पिवळी पडून गेली होती. जिषाची सूज उतरली. डॉक्टरांनी मिठाची परवानगी दिली, ओमनाने शेजारी देऊन ठेवलेली मिठाची बरणी परत आणली. ती ताटांच्या मधोमध असते. पोर तिला हात लावत नाही.

पुढच्या वर्षीसाठी दोन्ही पंचायतींनी एकत्र प्रकल्प मंजूर केला. दोन गावं, एक बांध, एकच काम. टँकरचा नियम बदलला: माणूस जिथे असेल तिथे त्याला पाणी. पुढे दवाखाना आणि बाजाराचा रस्ताही दोघांनी मिळून आखायचा ठरवला. फलकावर आधी नाव कुणाचं, यावर मात्र अजून एकमत नाही. म्हणून फलक लावलेला नाही.

वाचकहो, तुमच्याही गावाची हद्द कुठेतरी संपते. तिथवर आपण रस्ता झाडतो, गटार बांधतो, दिवे लावतो, आणि समाधानाने मागे फिरतो. एकदा मागे न फिरता तिथे थोडा वेळ उभे राहा. शेजारचं गावही आपलं काम चोख संपवून मागे फिरलेलं असेल. मधे जे उरलेलं दिसेल ते दोघांचंही आहे. त्याला हात लावायला कुणाच्या मरणाची वाट पाहू नका. भार्गवनला आता हे कळलं आहे. आणि आपल्याला ते एका आठवड्याने उशिरा कळलं, हेही.